जीवात जीव येण्याचा वार

रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास मी घरी पोचते, तेव्हा आठवडाभरातला सगळ्यात मोठा थकवा अंगात असतो. आठ वाजता संडे स्कूल, साडेनऊला उपासना, मग चहा, चहानंतर महिला मंडळ, आणि मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कुणी आजारी असल्याचं कळलं की येता येता तिथे प्रार्थनेला. मध्यंतरी अशाच एका रविवारी मी मुलांना शब्बाथाची आज्ञा शिकवत होते. ‘सातवा दिवस विसाव्याचा’ असं फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवायच्या आत घड्याळाकडे पाहिलं, कारण पुढच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायच्या राहिल्या होत्या.

मुलांना काही कळलं नसेल, पण माझं मला हसू आलं. ‘प्रभूमध्ये विसावा’, ‘आत्मिक नवजीवन’ हे शब्द आपण प्रार्थनेत इतक्या सहज वापरतो की त्यांचा अर्थ काय, हे विचारायचंच राहून जातं. विसावा म्हणजे झोप का? उपासनेला जाणं म्हणजे विसावा का? की काही न करणं म्हणजे विसावा? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, याचं उत्तर एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांनी आहे. ते तुकडे जोडून बघू.

सुरुवात शब्दापासून. ‘शब्बाथ’ हा हिब्रू शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ थांबणं, हातातलं काम बंद करणं. उत्पत्तीच्या पुस्तकात देव सहा दिवस काम करतो आणि सातव्या दिवशी थांबतो. तो दमला म्हणून थांबला असं तिथे म्हटलेलं नाही. काम पूर्ण झालं, चांगलं झालं, म्हणून थांबला. याच गोष्टीत आणखी दोन बारकावे आहेत. प्रत्येक दिवसाच्या शेवटी ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असं येतं, आधी संध्याकाळ. म्हणजे हिब्रू दिवस सूर्य मावळला की सुरू होतो आणि दिवसाची पहिली निम्मी पाळी झोपेत जाते. दुसरं, माणूस निर्माण झाला सहाव्या दिवशी, त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस सुट्टीचा होता. त्याने अजून एक काडीही इकडची तिकडे केलेली नव्हती. आपल्याकडे ‘आधी काम, मग आराम’ असं लहानपणापासून ऐकवतात. उत्पत्तीत माणसाचा हिशेब आरामापासून सुरू होतो.

आता दहा आज्ञांकडे येऊ. त्या शास्त्रात दोनदा येतात, ‘निर्गम’ पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आणि ‘अनुवाद’ पुस्तकाच्या 5व्या. शब्बाथाची आज्ञा दोन्हीकडे आहे (आपण तिला चौथी म्हणतो, कॅथलिक मोजणीत ती तिसरी), पण कारण वेगवेगळं दिलं आहे. निर्गमात कारण आहे सृष्टीची निर्मिती: देव थांबला, म्हणून तूही थांब. अनुवादात कारण आहे मिसर, म्हणजे इजिप्त: तू तिथे गुलाम होतास हे आठव.

हे दुसरं कारण मला जास्त भिडतं. मिसरात इस्राएल लोक विटा पाडत होते. त्यांचा पुढारी मोशे मिसरचा राजा फारो याच्याकडे गेला आणि म्हणाला, आमच्या लोकांना रानात जाऊन देवाचा सण करायला सोड. थोडक्यात, रजेचा अर्ज. फारोने काय केलं? विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचा बंद केला, विटांचा आकडा मात्र तोच ठेवला, आणि वर म्हणाला, तुम्ही आळशी आहात, आळशी! म्हणून सुट्टी मागता. जो कुणी कधी वरिष्ठांपुढे रजेचा अर्ज घेऊन उभा राहिला आहे, त्याला हा अध्याय समजावून सांगायची गरज पडत नाही. त्या गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना आज्ञा मिळते की आठवड्यातला एक दिवस तुम्ही विटा पाडायच्या नाहीत, आणि कुणाकडून पाडूनही घ्यायच्या नाहीत.

‘पाडूनही घ्यायच्या नाहीत’ हे मी पदरचं घातलेलं नाही. आज्ञेत यादीच आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरी, म्हणजे परका. अनुवादात तर स्पष्ट म्हटलंय की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. यादीत बायको मात्र नाही. भाष्यकार म्हणतात, ‘तू’मध्ये तीही आलीच. असेल. रविवारी उपासनेनंतर एकच्या सुमारास आमच्या घरांतल्या ओट्यापाशी डोकावलं, कुकरच्या शिट्ट्या आणि मटणाचं वाटण बघितलं, की यादी अगदी अक्षरशः पाळली जातेय असं वाटतं.

निर्गमाच्या 23व्या अध्यायात ही आज्ञा आणखी एकदा येते आणि तिथे एक सुंदर शब्द आहे. बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, आणि दासीच्या मुलाचा व उपऱ्याचा ‘नेफेश’ परत यावा, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. नेफेश म्हणजे श्वास, प्राण, जीव. त्या नामाचं तिथे क्रियापद केलंय. मराठीत त्याला भाषांतर शोधावं लागत नाही, ते आपल्या तोंडात तयार आहे: जीवात जीव येणे. हे क्रियापद सबंध जुन्या करारात फक्त तीनदा सापडतं. एकदा इथे, दासीच्या मुलासाठी. एकदा दाविदासाठी, तो पोटच्या मुलाच्या बंडामुळे यरुशलेम सोडून पळताना थकून भागून थांबतो तेव्हा. आणि एकदा निर्गमाच्या 31व्या अध्यायात, चक्क देवासाठी. सहा दिवसांत आकाश व पृथ्वी केली, सातव्या दिवशी तो थांबला आणि त्याच्या जीवात जीव आला! मोलकरणीचं पोर, पळणारा राजा आणि सृष्टीचा कर्ता यांना एकच क्रियापद. 23व्या स्तोत्रात ‘तो माझा जीव ताजातवाना करतो’ म्हणतो आपण, तिथेही मूळ नाम हेच, नेफेश.

म्हणून ‘आत्मिक नवजीवन’ म्हटलं की शरीर बाजूला ठेवून आत्म्याचं काहीतरी करायचं, असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते शास्त्रातलं नाही. हिब्रू माणसाला जीव म्हणजे श्वास घेणारा, भूक लागणारा, घाम येणारा अख्खा माणूस. एलीया या संदेष्ट्याची गोष्ट घ्या.

कर्मेल डोंगरावर एलीयाने बआल या दैवताच्या 450 संदेष्ट्यांना हरवलं. स्वर्गातून अग्नी पडला, दुष्काळ संपला, पाऊस आला, आणि हा गडी राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला. संदेष्ट्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठा दिवस असू शकत नाही. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीची धमकी येते आणि तो जीव मुठीत धरून पळतो. बैर-शेब्याला चाकराला सोडतो, एकटाच दिवसभर रानात चालतो, एका झुडुपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, माझा जीव घे. आणि झोपतो.

आपण असतो तर त्याला काय सांगितलं असतं? ‘विश्वास ठेव.’ ‘प्रार्थनेत कमी पडतोयस.’ ‘देवाने एवढं केलं, कसा विसरलास?’ मंडळीत खचलेल्या माणसाला आपण हेच सांगतो. देवाने पाठवलेला दूत यातलं एकही वाक्य बोलत नाही. तो एलीयाला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत रागावत नाही. झोपू देतो. मग दुसऱ्यांदा हात लावतो: ऊठ, खा, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. त्या दोन जेवणांच्या आणि दोन झोपांच्या बळावर तो 40 दिवस चालून होरेब डोंगराशी जातो. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, देव त्यांत नसतो. मग येते ती शांत, मंद वाणी. एलीया तिथेही गाऱ्हाणंच गातो, तेच शब्द दोनदा. देव ऐकून घेतो आणि तीन गोष्टी देतो: करायला काम, सोबतीला अलीशा, आणि तू एकटा नाहीस, आणखी 7000 जण आहेत, ही माहिती.

क्रम बघा. आधी झोप, मग भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, मग लांबची चाल, मग शांतता, मग बोलणं, मग सोबत. उपदेश कुठेच नाही. (हेही इथेच सांगून टाकते: आठवडेच्या आठवडे झोपूनही थकवा जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जावं. प्रार्थनेसोबत जावं. दूताने आणलेली भाकरही कुणीतरी भाजलेलीच होती.)

येशूही झोपत असे. वादळात, होडीच्या मागच्या भागात, उशीवर डोकं ठेवून. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणाऱ्या मार्कने उशीची सुद्धा नोंद केली आहे. शिष्य गावोगाव फिरून दमून परतले, जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा तो त्यांना म्हणाला, एकांतात चला, थोडा विसावा घ्या. आणि मग काय झालं? ते होडीतून निघाले, लोकांनी ओळखलं, आणि गर्दी किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे हजर! विसावा होडीतल्या प्रवासापुरताच मिळाला. येशू चिडला नाही, त्याने पाच हजारांना जेवू घातलं. पण जेवणं उरकल्यावर त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. बेत मोडला, पण सोडला नाही. संध्याकाळी पुन्हा धरला. लहान मुलं असलेल्या आयांना आणि मंडळीच्या पाळकांना ही गोष्ट फार उपयोगाची आहे.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सर्वांना पाठ असलेलं वचन. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ कितीतरी घरांत दारावरच्या तक्त्यावर ते असतं. तक्त्यावर पुढचं वाक्य मात्र क्वचितच लिहितात: माझे जू आपणांवर घ्या. विसावा मागायला आलेल्याच्या मानेवर जू? हे काय झालं?

माझ्या आजोबांकडे बैलजोडी होती. जू म्हणजे नुसतं आडवं लाकूड नसतं. दोन्ही टोकांना शिवळा असतात आणि मधे मान टेकते तिथे लाकूड तासून गुळगुळीत केलेलं असतं. ते नीट तासलेलं नसलं, की बैलाचा खांदा सोलवटतो, सुजतो, आणि मग चारा कितीही घाला, जनावर नांगराला उभं राहत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असे. आजोबा बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून त्यावर हळद आणि लोणी चोळायचे. हात फिरवताना त्यांना कळायचं की यंदा कुठल्या बाजूने जू घासलं. दुसऱ्या दिवशी बैलांच्या मानेवर काहीही ठेवायचं नाही, हा नियम. आजोबा ख्रिस्ती होते, पोळ्याची पूजा ते करत नसत, पण खांदेमळणी आणि सुट्टी त्यांनी कधी चुकवली नाही. निर्गमात बैलाच्या विसाव्याची आज्ञा आहेच, असं म्हणायचे.

मराठी शास्त्रात येशूचं वाक्य ‘माझे जू सोयीचे’ असं आहे. ‘सोयीचे’ ज्या ग्रीक शब्दासाठी आलंय तो आहे ‘ख्रेस्तोस’: भला, मऊ, बरोबर बसणारा. येशू सुताराच्या घरात वाढला होता, त्याने जुवं तासली असतील की नाही हे शास्त्र सांगत नाही, पण ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना खांद्यावरचे वण ठाऊक होते. त्याने नांगरट रद्द केली नाही. खांदा सोलवटणारं जू उतरवून दुसरं दिलं. आणि सोलवटणारं जू कोणतं, हेही त्याच शुभवर्तमानात पुढे सांगितलंय: धर्माचे शिक्षक जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. मत्तयाने जुवाच्या वचनाला लागूनच, पुढच्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत, शब्बाथाचा वाद मांडला आहे. भुकेले शिष्य शेतातली कणसं मोडून खातात आणि परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचे लोक, बोट दाखवतात. मार्कने हाच प्रसंग सांगताना येशूचं उत्तर दिलंय: शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही.

यावरून यहुदी लोकांचा शब्बाथ म्हणजे नुसता नियमांचा जाच, असं आपल्या उपदेशांतून फार ऐकू येतं. ते खरं नाही. त्यांच्या ‘मिश्ना’ या नियमग्रंथात शब्बाथाला वर्ज्य कामाचे 39 प्रकार सांगितले आहेत, हे बरोबर. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, घरातलं सगळ्यात चांगलं अन्न त्या रात्री असतं, आणि पाहुणा उपाशी जात नाही. आणि हे पाहायला आपल्याला दूर जावं लागत नव्हतं. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल हे यहुदी शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत आले आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गावकऱ्यांनी त्यांना नावच दिलं, शनवार तेली. धर्मग्रंथ जवळ नसतानाच्या काळातही त्यांनी तो वार सोडला नाही. मराठी मातीत शब्बाथ आला तो मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी, बंद घाण्याच्या रूपाने.

ख्रिस्ती लोकांचा वार बदलला तो पुनरुत्थानामुळे. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, म्हणून मंडळी त्या दिवशी जमू लागली. पण पहिली तीनशे वर्षं तो कामाचाच दिवस होता. बहुतेक लोक उपासना करून कामाला जात. रविवारची सुट्टी आली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने, 321 मध्ये, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना वगळलं होतं, कारण पेरणी हवामानावर असते. सातव्या दिवसाचे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक आजही शनिवारच पाळतात. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे. वार कोणता यावर वाद घालण्यात मला रस नाही. प्रेषित पौलालाही तो फारसा नव्हता, असं रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायावरून दिसतं.

थांबणं म्हणजे नुसतं काही न करणं नव्हे, हे मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांनी सोसून शिकलं. चौथ्या शतकात तिथे राहणाऱ्या इव्हाग्रियसने एका विकाराचं वर्णन केलंय, त्याला तो दुपारचं भूत म्हणतो. भर दुपारी संन्याशाला वाटू लागतं की सूर्य हलतच नाहीये, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीतून बघतो. खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहतो. कुणी बंधू भेटायला येतोय का, म्हणून इकडे तिकडे मान वळवतो. मग जागेचा कंटाळा, कामाचा कंटाळा, माणसांचा कंटाळा. या विकाराला ग्रीकमध्ये ‘अकेदिया’ म्हणतात. रविवारी दुपारी फोनवर बोट फिरवत पडलेल्या माणसाला हे वर्णन वाचून दाखवा, दचकेल. शरीर आडवं आहे, काम काही नाही, आणि विसावाही नाही.

त्याच वाळवंटातल्या संत अंतोनीची एक गोष्ट याची दुसरी बाजू सांगते. तो बंधूंबरोबर हसत गप्पा मारत बसला होता ते एका शिकाऱ्याला खटकलं. अंतोनी म्हणाला, धनुष्याला बाण लाव आणि ओढ. अजून ओढ. अजून. शिकारी म्हणाला, इतकं ताणलं तर धनुष्य मोडेल. तसंच माणसांचं, अंतोनी म्हणाला. पुढे सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवाशांसाठी नियम लिहिले, त्यांत प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन यांचे तास ठरवून दिले, आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर आपापल्या खाटेवर मुकाट्याने पडून राहायची मुभाही. तो तास दिवसाचा सहावा, लॅटिनमध्ये ‘सेक्स्ता’. त्यावरूनच स्पॅनिशमध्ये ‘सिएस्ता’ झाला. गोव्यात दुपारी दुकानं बंद बघून नाक मुरडणाऱ्या पर्यटकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आपल्या रविवारची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र लेख पुरा व्हायचा नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. ती मागितली जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी, 1884पासून, आणि मिळाली 10 जून 1890 रोजी. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं ते म्हणत. ज्यांच्या शास्त्रात ही आज्ञा दगडी पाट्यांवर कोरलेली, त्या ख्रिस्ती साहेबांचं राज्य होतं, पण गिरणीतल्या बाई-माणसासाठी ती मागावी लागली एका सत्यशोधकाला. हे वाचल्यापासून ‘रविवार आपला’ असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

तर माझ्या घरात काय बदललं, ते सांगते. फार नाही. शनिवारी दिवे लागले की दुसऱ्या दिवशीची तयारी संपवायची: डाळ-तांदूळ निवडून ठेवायचे, कपड्यांना इस्त्री करून ठेवायची, मग फोन कपाटात. रविवारी मटण नाही, शनिवारी केलेलं काहीतरी गरम करून खायचं. यावर घरात महिनाभर कुरकुर झाली. दुपारी एक स्तोत्र, मोठ्याने, सावकाश. बऱ्याचदा ते पुरं व्हायच्या आत झोप लागते, आणि एलीयानंतर मला त्याची लाज वाटत नाही. महिला मंडळाची बैठक बुधवारी हलवा म्हणून मी सुचवलंय, त्यावर अजून चर्चा चालू आहे.

आणि भांडीवाल्या मावशींना रविवारची सुट्टी दिली, पगार तोच ठेवून. पहिल्या रविवारी त्या नेहमीच्या वेळेला दारात हजर. निर्गमात मान्नाच्या, म्हणजे रानात देवाने पुरवलेल्या अन्नाच्या, गोष्टीतही असंच होतं. सातव्या दिवशी काही मिळणार नाही, आदल्या दिवशीच दुप्पट गोळा करा, असं सांगूनही काही जण बाहेर पडलेच.

“मावशी, आज सुट्टी सांगितली होती ना?”

“हो, पण म्हटलं, खरंच की काय. पैसे कापणार नाही ना, ताई?”

“नाही हो.”

त्या चहाला बसल्या. कप धुवायला उठल्या तो मी हातातून काढून घेतला. पदर नीट करत त्या दारापर्यंत गेल्या, पुन्हा वळल्या.

“मग आता मी दिवसभर करू काय?”